जालमसिंग येईपर्यंत

लोणखेड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा भूपेंद्र पटेल दर रविवारी दुपारी शहाद्याला भाग्येशच्या घरी जायचा. काखेत एक जाड रजिस्टर आणि खिशात वीस बाजूंचा फासा. भाग्येशचं मेडिकल खाली आणि घर वर. जिना चढतानाच नवलचं हसणं ऐकू यायचं आणि भूपेंद्रचा आठवडाभराचा शीण उतरायचा.

तो खेळ भूपेंद्र पुण्यात एमसीए करताना होस्टेलवर शिकला होता. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर नदी आहे, पलीकडे शत्रू आहे, काय करता? सांगणारा विचारतो, खेळणारे ठरवतात आणि फासा टाकतात. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. तिथून गोष्ट पुढे जाते. भूपेंद्रने हे शहाद्यात आणलं तेव्हा भाग्येशला ते पोरींच्या भुलाबाईच्या गाण्यांसारखं काहीतरी वाटलं होतं. पण पहिल्याच रविवारी अंधार पडेपर्यंत कोणी उठलं नाही.

खेळणारे तिघं. भाग्येश खेळात घरफोड्या झाला आणि त्याने आपलं नाव ठेवलं दगा. त्याची बायको रुचिका प्राथमिक शाळेत शिकवायची. ती झाली आशा वैदीण. तिसरा नवल, भाग्येशचा शाळेपासूनचा मित्र, शहादा डेपोत कंडक्टर. भूपेंद्रने त्याला सांगितलं, काहीही हो, जादूगार हो, तलवारबाज हो, राजपुत्र हो. नवलने जरा विचार केला.

"नावाडी व्हतो, सर. भिला नावाडी."

"अरे, पण नावाड्याकडे शक्ती काय?"

"होडी शे ना."

सगळे हसले. भूपेंद्रने रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

त्या रजिस्टरमध्ये धवलगडाचं राज्य होतं. नदी, सात घाट, एक दगडी पूल आणि उत्तरेकडून येणारे राखेचे लोक. आणि त्यात होता सरदार जालमसिंग. जालमसिंग भूपेंद्रच्या डोक्यात दहावीत असताना आला होता. सारंगखेड्याच्या यात्रेत एका पांढऱ्या घोड्यावरचा स्वार गर्दीतून सरळ, कोणाकडेही न बघता निघून गेला होता. भूपेंद्र त्याच्या मागे बराच वेळ चालला. तेव्हापासून तो स्वार त्याने मनात वाढवला, त्याला नाव दिलं, दुःख दिलं, शपथ दिली. खेळ सुरू व्हायच्या आधीच रजिस्टरची शेवटची अकरा पानं लिहून झाली होती. जालमसिंग एकटा पूल अडवतो, धवलगड वाचतं, तो मरतो. मधली पानं तेवढी रिकामी होती, रविवारी भरायला.

खेळणारे डावीकडे वळले तर जालमसिंगची छावणी डावीकडे असायची. उजवीकडे वळले तर उजवीकडे. ते कुठे अडकले की टापांचा आवाज यायचा. काही महिन्यांनी भाग्येश फासा टाकायच्या आधीच म्हणायला लागला, "टेन्शन नको घेऊ, जालमसिंग येईल आता." भूपेंद्रला ते कौतुक वाटायचं.

नवलची एक खोड होती. तो भेटेल त्याचं नाव विचारायचा. पहारेकरी असो, घाटावरचा हमाल असो, गाढव असो. भूपेंद्र वैतागायचा.

"नवल, तो पहारेकरी आहे. त्याला नाव नाही."

"अशं कशं, सर? त्यानी माय त्याले काय म्हनस?"

मग भूपेंद्रला काहीतरी नाव द्यावं लागायचं. नवल ते तिकिटाच्या कोऱ्या रोलच्या तुकड्यावर लिहून खिशात ठेवायचा. पुढच्या रविवारी तो माणूस पुन्हा भेटला तर नवल त्याला नावाने हाक मारायचा, तुझी पोरगी बरी झाली का म्हणून विचारायचा. भूपेंद्रला बहुतेक वेळा त्या पोरीचं आजारपण आठवत नसायचं.

अशी दोन वर्षं गेली. गोष्टीचा शेवटचा रविवार ठरला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. रुचिकाने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या केल्या होत्या. भाग्येशने दुपारचं मेडिकल भावाच्या ताब्यात दिलं होतं. भूपेंद्र नवा शर्ट घालून आला होता. ती अकरा पानं आज वाचायची होती आणि घरून निघायच्या आधी त्याने ती दोनदा मोठ्याने वाचून पाहिली होती.

खेळात राखेचं सैन्य पुलापासून अर्ध्या दिवसावर येऊन ठेपलं होतं. गडाखालच्या गावात चारशे माणसं. भूपेंद्रने विचारलं, "काय करता?" त्याची अपेक्षा होती की ते पुलावर जातील, हरतील, आणि मग टापांचा आवाज.

नवलने खिशातून कागदाचे तुकडे काढले आणि पलंगावर ओळीने मांडले.

"पुलावर जावानं कामच नही," तो म्हणाला. "सात घाटवर अकरा नावाडी शेत. भीमसिंग, सुकलाल, लंगडा गोमा, बठा मन्हा वळखीना, सगळे ओळखीचे. भीमसिंगच्या बैलाला आशाताईने औषध दिलं होतं, आठवतं ना? गोम्याला आपण पुरातून काढलं. मी निरोप धाडतो. अकरा होड्या एकामागे एक बांधायच्या आणि गाव रिकामं करायचं. सैन्य आलं तर येऊ दे, रिकामी घरं घेऊन काय करतील?"

मग रुचिका पुढे सरकली. "आजारी माणसं पहिल्या होडीत. मी त्यांच्याबरोबर."

"आणि दोर?" भाग्येश म्हणाला. "देवळाच्या घंटेचा दोर मी काढतो. चोरी माझी."

तिघं एकदम बोलायला लागले. भूपेंद्रने काढलेल्या नकाशावर पुऱ्यांच्या तुकड्यांच्या होड्या मांडल्या गेल्या. दोन वर्षांत भूपेंद्रने त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्याला मात्र ती अकरा पानं आठवली. गावच रिकामं झालं तर पूल अडवायचा कोणासाठी?

"नदीला ओढ फार आहे," तो म्हणाला. "अठराच्या वर लागेल."

नवलने फासा दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि टाकला. फासा ताटलीला आपटून थांबला. वीस.

असा आरडाओरडा झाला की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. भाग्येशने नवलला उचललं. रुचिका टाळ्या वाजवत होती. भूपेंद्र त्या आकड्याकडे बघत राहिला.

"होड्या निघाल्या," तो हळूच म्हणाला. "पण वरच्या अंगाला राखेच्या लोकांनी बांध फोडला. लोंढा आला. होड्या उलटल्या."

"सगळ्या?" नवलने विचारलं.

"सगळ्या."

"पण वीस पडले ना, सर."

"ते ओढीसाठी. लोंढ्याचं वेगळं."

"मग लोंढ्यासाठी टाकतो ना."

"त्याला फासा नाही." भूपेंद्रने रजिस्टर उघडलं. "माणसं मेली नाहीत. परत काठाला लागली. आणि तेवढ्यात पुलावर टापांचा आवाज आला."

भाग्येश फस्सकन हसला आणि लगेच थांबला. भूपेंद्रने वाचायला सुरुवात केली. अकरा पानं वाचायला चाळीस मिनिटं लागली. जालमसिंग पडला तिथे भूपेंद्रचाच आवाज कापरा झाला, डोळे भरून आले. वाचून त्याने मान वर केली तेव्हा रुचिका कपबशा गोळा करत होती. नवल कागदाचे तुकडे एकावर एक ठेवत होता.

"छान लिहिलंय, भाऊ," रुचिका म्हणाली.

नवल उठला. दारात चपला घालताना थांबला. "सर, एक विचारू? आम्ही नसतो तरी हे असंच व्हतं ना?"

तेव्हा भूपेंद्रला काहीही बोलता आलं असतं. थांब म्हणता आलं असतं, बस, लोंढ्याचा फासा टाक. पण तो अजून त्या पुलावरच होता.

"गोष्ट मोठी असते नवल," तो म्हणाला. "आपण सगळे तिच्यात लहानच."

आपण काहीतरी चांगलं बोललो असं त्याला वाटलं. नवलने मान हलवली आणि तो जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी नवलची ड्युटी होती. त्याच्या पुढच्या रविवारी रुचिकाच्या शाळेचं काही काम निघालं. मग उन्हाळा लागला. नवं राज्य तयार करतोय, नवा नकाशा काढतोय, असं भूपेंद्रने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. भाग्येशने अंगठ्याची खूण टाकली. नवलने मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. जूनमध्ये भाग्येशकडून कळलं की नवलने नवापूर डेपोला बदली मागून घेतली. त्याच्या बायकोचं माहेर तिकडचं, पोरगी भूमिका आता पहिलीत जाणार, हे सगळं खरंच होतं. त्यात खेळाचा काही संबंध नव्हता. भूपेंद्र स्वतःला असंच सांगत राहिला.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने गोष्टीची कादंबरी करायला घेतली. खेळाच्या सगळ्या नोंदी त्याने आधीच कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. कादंबरीत हे तिघं शोभत नव्हते. एक चोर, एक वैदू बाई, एक नाव विचारत फिरणारा नावाडी. त्यांना काढायचं ठरवलं तेव्हा त्याला भीती वाटली होती की जागोजाग भोकं पडतील आणि महिनाभर शिवत बसावं लागेल.

दुपारचं जेवण करून तो बसला. दगाने कुलूप उघडलं, असं होतं तिथे त्याने लिहिलं, दार उघडंच होतं. आशाने जालमसिंगची जखम बांधली होती. ती जखम चार ओळींत आपोआप भरली. भिला नावाड्याला तर काहीच करावं लागलं नाही. त्याचं नाव एकोणीस ठिकाणी होतं आणि एकाही ठिकाणी त्याच्यावर पुढचं काही टेकलेलं नव्हतं. आई, रंजनाबाई, चहा घेऊन आली तोवर काम संपलं होतं.

"काय चाललंय एवढं?" तिने विचारलं.

"साफसफाई," तो म्हणाला.

त्याला समाधान वाटलं. गोष्टीचा सांगाडा किती पक्का आहे, तीन माणसं काढली तरी हलत नाही. समाधानाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. चहा पिऊन तो घरच्या केळीच्या बागेत चक्कर मारायला गेला.

पुस्तक दिवाळीनंतर छापून आलं. कॉलेजात छोटा कार्यक्रम झाला. प्राचार्यांनी शाल दिली. सहकाऱ्यांनी प्रती नेल्या आणि नंतर भेटले की मुखपृष्ठाचं कौतुक करत राहिले. मराठीच्या मॅडम एकट्या शेवटपर्यंत वाचून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जालमसिंग फारच चांगला आहे हो. त्याच्याशी कोणी बोलतच नाही." भूपेंद्रला त्याचा अर्थ विचारायचा धीर झाला नाही.

रुचिकाने मात्र सरळ विचारलं. तो मेडिकलवर प्रत द्यायला गेला होता. तिने तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली.

"आम्ही कुठे आहोत यात?"

"कादंबरीला गरज नव्हती वहिनी. प्रकार वेगळा असतो तो."

"मग खेळाला होती का?"

भाग्येश गल्ल्यावर औषधांची यादी तपासत होता. त्याने मान वर केली नाही, पण पेन थांबलं.

"दोन वर्षं आम्ही रविवारी कुठे गेलो नाही, भाऊ," रुचिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच भूपेंद्रला जड गेलं. "माझ्या आईकडे नाही, लग्नकार्याला नाही. मला वाटायचं की आम्ही नसलो तर ते राज्य बुडेल. खरंच वाटायचं. वेडेपणा, दुसरं काय." मग तिने पुस्तक कपाटावर ठेवलं. "नवलभाऊंना पण पाठवलंय यांनी एक, तुमच्या कॉलेजातून मागवून. पार्सल बसमध्ये दिलं."

त्या वाक्याने भूपेंद्र आठवडाभर अस्वस्थ राहिला. तास घेताना, जेवताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. नवल कुठेतरी बसून पुस्तक उघडतोय. शेवटी एका बुधवारी रजा टाकून तो मोटरसायकलने विसरवाडीला गेला. नवापूरहून नंदुरबारला जाणारी नवलची गाडी तिथे साडेअकराला चहाला थांबते, हे त्याने डेपोत विचारून घेतलं होतं.

हायवेच्या कडेला ट्रकांची रांग होती. गाडी आली. नवल उतरला, त्याने भूपेंद्रला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मनापासून उजळला, त्यामुळे भूपेंद्रला जास्तच कसंतरी झालं.

"सर! तुम्ही आठे कुठे?"

"तुलाच भेटायला."

दोघं टपरीच्या बाकावर बसले. घरचं विचारून झालं. भूमिका वाचायला लागलीये, बसवरच्या पाट्या वाचते, नवल म्हणाला. मग चहा आला.

"पुस्तक मिळालं?" भूपेंद्रने विचारलं.

"मिळालं ना. चाळीस पानं वाचली." नवलने ग्लास फिरवला. "मंग जरा भराभर उलटली. निकालात नाव शोधतो ना माणूस, तशी. भिला कुठे निघतो बघत होतो. नही निघाला." तो हसला. "बरोबर शे सर, पुस्तकात नावाडी काय करणार?"

"मी चुकलो, नवल. त्या दिवशी. वीस पडले होते."

"खेळ व्हता, सर."

"तरी."

नवलने रस्त्याकडे बोट केलं. "दिवसभर मी दुसऱ्याने आखलेल्या रस्त्यावर ऱ्हातो. थांबा ठरलेला, वेळ ठरलेली, बेलसुद्धा ठरलेली. त्याचं काही नही, नोकरी शे. फक्त रविवारी वाटे की मी वळलो तर गोष्ट वळी. तेवढंच." मग एकदम त्याला काहीतरी आठवलं आणि तो भूपेंद्रकडे वळला. "पण कौसाबाईचा रविवार! तो मी कधी विसरणार नही."

"कौसाबाई?"

"तिसऱ्या घाटवरची. मासे विकायची ना! तुम्ही रजिस्टर घरी विसरला होतात. मी तिला नाव विचारलं आणि तुम्ही म्हणालात कौसाबाई. मग तिचं आणि शेजारणीचं भांडण निघालं, कोणाच्या कोंबडीने कोणाच्या दारात अंडं घातलं. आणि आपण तीन तास ते भांडण सोडवत बसलो. भाग्येशने ते अंडंच चोरलं! तुम्ही कौसाबाईचा आवाज काढत होता, शेजारणीचा पण तुम्हीच. हसून हसून रुचिकाताईला ठसका लागला. आम्ही काय बोलू, तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही काय बोलणार, तुम्हालापण ठाऊक नव्हतं." नवलचे डोळे चमकत होते. "मी घरी गेलो तर बायको म्हणे, आज काय व्हयनं, एवढा खूश?"

भूपेंद्रला तो रविवार आठवत होता, पण वेगळा. रजिस्टर विसरल्यामुळे आलेली चिडचिड आठवत होती. जालमसिंगची शपथ त्या दिवशी सांगायची होती, ती राहिली होती. एक रविवार वाया गेला, असं घरी जाऊन त्याने आईला सांगितलं होतं. भांडणातला एक शब्दही त्याला आठवेना.

"मग अंड्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

नवल सांगणार एवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नवल उठला, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं.

"पुन्हा बसूया का, नवल? एखादा रविवार. रजिस्टर नको, काही नको. तू म्हणशील तसं."

नवलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याने सरांना असा हात लावला नव्हता.

"आता नही जमणार, सर. रविवारी पोरगी वाट देखस."

गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून नवल तिकिटं फाडताना दिसत होता, एकेका सीटवर वाकून काहीतरी विचारत.

संध्याकाळी भूपेंद्रने रुचिकाला फोन लावला आणि कौसाबाईबद्दल विचारलं. तिला ठसका आठवत होता, अंडं आठवत होतं. कोंबडी कौसाबाईची होती की शेजारणीची, यावर तिचं आणि भाग्येशचं फोनवरच जुंपलं. भूपेंद्र कागद घेऊन बसला होता. त्याने दोघांचंही लिहून घेतलं.

"आणि कौसाबाई नेमकं काय म्हणाली होती?" त्याने विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत, भाऊ," रुचिका म्हणाली. "तुम्हीच तर होतात ती."

तिचं बोलणं आठवायचा त्याने पुढचे काही दिवस पुष्कळ प्रयत्न केला. घरात कोणी नसताना आवाज काढून पाहिला, तो जालमसिंगसारखाच निघाला. अर्धं पान झालं, त्यात कोंबडी होती, घाट होता, बाई मात्र तोंड उघडत नव्हती. नवलला विचारलं असतं तर त्याने शब्दन् शब्द सांगितला असता. भूपेंद्रने दोनदा त्याचा नंबर काढला. पण दोन्ही वेळा दुपार होती, गाडी रस्त्यात असेल, असं म्हणून फोन खाली ठेवला, आणि नंतर तो नंबर त्याने लावलाच नाही.